हाली, कलदार आणि बट्टा

लातूरहून बार्शीकडं निघालं की वाटेत मुरुड लागतं. निजामाच्या काळात मुरुड मोगलाईत होतं आणि बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी 1911 मध्ये लातूरपर्यंत आली आणि आमच्या बाजाराला बार्शीची पेठ जवळ झाली. गाडी तीच, रूळ तेच, पण हद्द ओलांडली की खिशातला रुपया बदलावा लागे. इकडं निजामाचा हाली, तिकडं इंग्रजांचा कलदार.

माझे आजोबा मुरुडात एका अडत दुकानावर मुनीम होते. बदल हा एकच शब्द सगळीकडं वापरणं त्यांना खपत नसे. हालीचे कलदार करणं म्हणजे बदलून घेणं. रुपयाचे आणे-पै करणं म्हणजे मोड. झिजलेल्या नाण्यावर सराफ जे कापून घेई तो बट्टा. रोजमेळात जमा-खर्च जुळवणं म्हणजे मेळ घालणं, आणि दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडून देणं ती तडजोड. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी टाकला की ते वहीवरून मान वर करून बघत.

सरकारी भाव 7 हालीला 6 कलदार. म्हणजे 100 कलदारचे 116 रुपये 10 आणे 4 पै हाली. हे उत्तर ज्याला तोंडपाठ नाही त्यानं गल्ल्यावर बसू नये, असं आजोबा म्हणत. त्यातही मेख होती. हाली आण्यात पै 6 आणि इंग्रजी आण्यात 12. नाण्यावर चारमिनार, त्याच्या कमानीत निजाम उस्मान अलीचा ‘ऐन’. नोटांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडीही असे. शाळेत उर्दूची सक्ती करणाऱ्या सरकारला पैशाच्या बाबतीत मात्र प्रजेची भाषा बरोबर आठवत होती.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. हाली लगेच नाही संपला. 1950 नंतर भारतीय रुपया त्याच्या शेजारी चालू लागला. 1 एप्रिल 1957 पासून त्यात नये पैसे आले. हाली चलनातून पुरता गेला तो 1959 मध्ये. म्हणजे मधली दोन वर्षं मुरुडच्या बाजारात डोक्यात तीन हिशेब घेऊन जावं लागत होतं. इंग्रजी आण्याचे सव्वासहा नये पैसे. तो पाव पैसा गिऱ्हाइकानं सोडायचा की दुकानदारानं? आजोबांच्या मते तोही बट्टाच, फक्त कुणी बट्टा म्हणेना.

मला हा शब्द आवडतो तो याचसाठी. बदल झाला की कुणाला तरी तूट येते, आणि बट्टा ती तूट आकड्यासकट सांगतो. तलाठ्याच्या दप्तरातला फेरफार त्याच जातीचा. कुणाचं नाव कमी झालं, कुणाचं लागलं, कशानं लागलं, सगळं एका नोंदीत. जुने कागद फसली सनातले असले तर त्यात 590 मिळवायचे आणि इसवी सन काढायचा, एवढीच कटकट. (उर्दूत रद्दोबदल म्हणजे फेरफार. मराठीत त्याची रदबदली झाली आणि अर्थ झाला कुणासाठी तरी शब्द टाकणं. कचेरीत जाऊन आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.)

पुढं मी मास्तर झालो आणि माझ्या वाट्याला समायोजन आलं. पट घटला की मास्तर अतिरिक्त ठरतो, मग त्याचं समायोजन होतं. कुणाचं घर मोडलं, कुणाची म्हातारी आई गावी एकटी राहिली, याचा या शब्दाला पत्ता नसतो. यात बट्टा कुठं लिहायचा, असं आजोबांनी नक्की विचारलं असतं.

मराठवाड्यानं शब्दांचा सगळ्यात महागडा व्यवहार केला तो विद्यापीठाच्या नावावर. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं 27 जुलै 1978 ला केला. त्याला शब्द होता नामांतर. त्यानंतर गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यातले पोचीराम कांबळे मारले गेले, ठरावाची अंमलबजावणी थांबली. अखेर 14 जानेवारी 1994 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं नाव झालं आणि त्याला म्हटलं गेलं नामविस्तार. जुनं काही काढलं नाही, फक्त वाढवलं, असं विरोधकांना सांगता यावं म्हणून शोधलेली ही तडजोड. एका शब्दावरून दुसऱ्यावर यायला साडेपंधरा वर्षं लागली, आणि त्याचा बट्टा कोणत्या वस्त्यांनी भरला हे इकडं सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि लातूरची कॉलेजं त्याला जोडली गेली. आमच्या पोरांच्या पदवीवर आता ते नाव असतं. तरी दर 14 जानेवारीला छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, त्या जुन्या विद्यापीठाच्या गेटवर लोक लोटतात. काही फलकांवर नामविस्तार दिन लिहिलेलं असतं, काहींवर नामांतर दिन.