रोमची शिष्यवृत्ती आणि कलेतिहासाचे अध्ययन

तरुण विद्यार्थ्यांस कलेच्या अध्ययनासाठी सरकारी खर्चाने परदेशी पाठविण्याची जी पद्धत युरोपात रूढ झाली, तिचे सर्वांत दीर्घायुषी उदाहरण म्हणजे फ्रान्सची ‘प्री द रोम’ ही शिष्यवृत्ती होय. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६८ पर्यंत, मधले काही खंड वगळता, ती चालू होती. तिच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा मोठ्या चित्रकारांच्या चरित्रांच्या अनुषंगाने. प्रस्तुत लेखात तिचा विचार निराळ्या अंगाने करावयाचा आहे. विशीच्या आसपासच्या मुलांस प्राचीन कलेच्या सान्निध्यात नेऊन ठेवले असता त्यांस त्या कलेचा इतिहास कळतो काय, आणि कळावयाचा असल्यास आणखी कशाची आवश्यकता असते, हा येथील प्रश्न आहे.

चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६६ मध्ये रोम येथे फ्रेंच अकादमी स्थापन केली आणि शार्ल एरार यास तिचा पहिला संचालक नेमले. मूळ नियमांनुसार तेथे बारा फ्रेंच कॅथलिक तरुणांची सोय होती : सहा चित्रकार, चार मूर्तिकार आणि दोन वास्तुशिल्पी. त्यांस ‘पांसियोनेर’, म्हणजे निर्वाहवेतनावर राहणारे, असे म्हणत. हे नाव अर्थपूर्ण आहे. ज्याचे अन्न खावयाचे त्याचेच काम करावयाचे, हा त्यातील गृहीत करार होता. राजाखेरीज अन्य कोणासाठी काम करण्यास त्यांना मनाई होती. प्राचीन मूर्तींच्या संगमरवरी प्रतिकृती घडविणे आणि राफाएलच्या भित्तिचित्रांच्या नकला उतरविणे, हा त्यांच्या दिनक्रमाचा मुख्य भाग असे. या प्रतिकृती व्हर्सायच्या उद्यानात उभ्या राहिल्या आणि व्हॅटिकनमधील चित्रांच्या नकलांवरून गोबलँच्या कारखान्यात भिंतीवरचे गालिचे विणले गेले. अर्थात या योजनेमागे विद्यार्थ्याच्या शिक्षणाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, राजवाड्याची गरज होती.

नक्कल निरुपयोगी होती असे मात्र म्हणता येणार नाही. हाताने रेषा उतरविल्याशिवाय डोळ्यास प्रमाण कळत नाही, ही त्या शिक्षणपद्धतीची श्रद्धा होती आणि तीत तथ्यही होते. परंतु संस्कृत पाठशाळेतील विद्यार्थ्याची रूपावली पाठ झाली म्हणजे त्यास काव्य कळू लागले असे होत नाही; तशीच ही गोष्ट होती. कोणती मूर्ती आधीची, कोणती नंतरची, कोणती मूळ ग्रीक आणि कोणती तिची रोमन प्रतिकृती, असले प्रश्न नक्कल करणाऱ्यापुढे उभे राहण्याचे कारण नव्हते. त्याच्या दृष्टीने सारे ‘प्राचीन’ एकाच पातळीवर होते. त्यास आदर्श मिळत होता. कालक्रम मिळत नव्हता.

ही उणीव प्रथम पॅरिसमध्ये जाणवली, रोममध्ये नव्हे. स्पर्धेचे विषय बायबलातून किंवा ग्रीक-रोमन इतिहास-पुराणांतून दिले जात. पण स्पर्धक मुले बहुधा कारागिरांच्या घरची, लहानपणीच एखाद्या चित्रकाराच्या हाताखाली लागलेली आणि ग्रंथांशी अल्प परिचय असलेली अशी असत. कार्ल व्हान लो याने १७२४ मध्ये पारितोषिक मिळविले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. फ्रागोनार १७५२ मध्ये वीस वर्षांचा होता. अशा मुलांच्या पूर्वतयारीसाठी १७४९ मध्ये पॅरिस येथे राजाश्रित विद्यार्थ्यांची एक शाळा उघडण्यात आली. पारितोषिक मिळविलेल्या सहा विद्यार्थ्यांनी रोमला जाण्यापूर्वी तीन वर्षे तेथे राहावे, अशी व्यवस्था होती. तेथे चित्रकलेबरोबर इतिहास, पुराणकथा व भूगोल शिकविला जाई. होमर, व्हर्जिल आणि ओव्हिड यांचे वाचन होई. लवकरच तिचे प्रमुखपद व्हान लो याच्याकडे आले. जो स्वतः कोवळ्या वयात पारितोषिक विजेता ठरला होता, त्याच्याच देखरेखीखाली पुढील मुलांची तयारी होऊ लागली.

फ्रागोनार या शाळेतून १७५६ मध्ये रोमला गेला. तत्कालीन संचालक नात्वार विद्यार्थ्यांस उघड्यावर बसून निसर्गाची रेखाटने करण्यास उत्तेजन देत असे. १७६० च्या उन्हाळ्यात तिव्होली येथील व्हिला देस्तेच्या उद्यानात फ्रागोनारने तांबड्या खडूने जी चित्रे काढली, ती त्याच्या उत्कृष्ट रेखाटनांत गणली जातात. त्यांत प्राचीन मूर्तीची नक्कल नाही. जुन्या वास्तूवर काळाने आणि वृक्षवेलींनी काय केले आहे, याचे अवलोकन आहे.

त्याच वर्षांत त्याच नगरात आणखी एक निर्वाहवेतनधारी राहत होता. योहान विंकेलमान हा सॅक्सनीच्या दरबाराच्या वेतनावर १७५५ च्या अखेरीस रोमला आला. तेव्हा तो अडतिसाव्या वर्षात होता. त्याच्या मागे ग्रीक ग्रंथांचे दीर्घ अध्ययन होते. रोममधील ज्या मूर्ती फ्रेंच मुले वर्षानुवर्षे उतरवीत होती, त्यांच्यासारख्याच मूर्तींच्या आधारे त्याने शैलींचा उदय, उत्कर्ष व ऱ्हास यांचा क्रम मांडला. १७६४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा प्राचीन कलेचा इतिहास हा या शास्त्राचा पायाभूत ग्रंथ मानला जातो. म्हणजे मूर्ती त्याच होत्या, नगर तेच होते. भिन्न होते ते पाहणाराचे वय आणि त्याची पूर्वतयारी. यांपैकी निर्णायक कोणती, हा प्रश्न पुढील शतकात प्रत्यक्ष धोरणाचा विषय झाला.

राजाश्रित विद्यार्थ्यांची शाळा १७७५ मध्ये बंद झाली. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, रोममधील अकादमीच्या वाड्यावर जमावाने हल्ला केला आणि पॅरिसमधील राजकीय अकादम्या विसर्जित झाल्या. १७९७ मध्ये पारितोषिक पुन्हा सुरू झाले आणि १८०३ मध्ये अकादमी व्हिला मेदिची येथे गेली. अँग्र यास १८०१ मध्ये पारितोषिक मिळूनही तिजोरीच्या अडचणीमुळे १८०६ पर्यंत पॅरिसमध्येच थांबावे लागले. पुढे त्याने रोमहून पाठविलेल्या चित्रांवर पॅरिसच्या परीक्षकांनी प्रतिकूल अभिप्राय दिले. परदेशात जे शिकावयाचे ते काय असावे, हे अद्यापि स्वदेशातील मंडळीच ठरवीत होती.

नोव्हेंबर १८६३ च्या राजाज्ञेने या व्यवस्थेस मोठा धक्का दिला. पारितोषिकावरील अकादमीचे नियंत्रण काढून घेण्यात आले, स्पर्धकांची वयोमर्यादा तीसवरून पंचविसावर आणली गेली, आणि पॅरिसच्या कलाशाळेत सौंदर्यशास्त्र व कलेतिहास यांचे अध्यापनपद निर्माण करण्यात आले. विद्यार्थी लहान वयाचा असावा आणि त्यास इतिहास शिकविला जावा, या दोन गोष्टी एकाच आज्ञेत आल्या, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. परंतु वयोमर्यादेमुळे अनेकांची संधी एकाएकी हिरावली गेली. १८६४ च्या प्रारंभी व्हिओले-ल-द्यूक कलेतिहासावर व्याख्याने देण्यास उभे राहिले, तेव्हा विद्यार्थ्यांनी गोंगाट करून त्यांस बोलूच दिले नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी पद सोडले व त्यांच्या जागी तेन यांची नेमणूक झाली. ज्यांनी व्याख्याने उधळली ते इतिहासाचे वैरी होते असे नव्हे. इतिहासाचा वर्ग त्यांच्यापुढे आला तो त्यांचा हक्क काढून घेणाऱ्या आज्ञेचा भाग म्हणून आला, हे खरे कारण. स्वतः व्हिओले-ल-द्यूक यांनी या कलाशाळेत कधी प्रवेश घेतला नव्हता. तारुण्यात ते पारितोषिकाविनाच इटली पाहून आले होते. १८७१ मध्ये वयोमर्यादा पुन्हा तीस झाली. कलेतिहासाचे अध्यापन मात्र टिकले.

हक्काचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. स्त्रियांस या स्पर्धेत १९०३ पर्यंत प्रवेशच नव्हता. मूर्तिकलेत ल्यूसिएन अव्हलमान्स यांस १९११ मध्ये आणि संगीतात एकोणीस वर्षांच्या लिली बुलांजे यांस १९१३ मध्ये प्रथम पारितोषिक मिळाले.

या पद्धतीचे पडसाद मुंबईतही उमटले. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत युरोपीय मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन शिकविले जाई. रोमला न जाता रोमची रूपावली येथे घोकली जात होती. १९२० च्या दशकात तेथील प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी ‘प्राइझ ऑफ डेल्ही’ या नावाने रोमच्या धर्तीवरील एका योजनेचा पुरस्कार केला. रोमची जागा दिल्लीने घ्यावी, ही त्यातील कल्पना होती. ती योजना त्या स्वरूपात फळास आली नाही; परंतु नव्या दिल्लीच्या सचिवालयातील भित्तिचित्रांचे काम मुंबईच्या विद्यार्थ्यांनी केले. लंडनच्या इंडिया हाउससाठी निवडलेल्या चार बंगाली चित्रकारांस मात्र १९२९ मध्ये लंडन येथे पाठविण्यात आले व इटलीतील भित्तिचित्रेही दाखविण्यात आली. कोल्बेरप्रमाणेच येथेही शिष्यवृत्तीच्या टोकाशी सरकारी इमारतीची भिंत होती.

एकंदर वृत्तान्तावरून असे दिसते की, कोवळे वय हा या शिष्यवृत्तीचा दोष नव्हता. कोवळ्या वयातील डोळा जे टिपतो ते प्रौढ वयात क्वचितच साधते, हे फ्रागोनारची रेखाटने सांगतात. दोष होता तो विद्यार्थ्याकडून वस्तूची अपेक्षा ठेवण्यात आणि आकलनाची न ठेवण्यात. ज्या थोड्या वर्षांत प्रवासापूर्वी ग्रंथांची जोड देण्यात आली, तेवढीच वर्षे याला अपवाद होत. १९६८ मध्ये स्पर्धा बंद झाली. त्यानंतरच्या व्यवस्थेत व्हिला मेदिचीच्या निवासी अभ्यासकांत चित्रकार-मूर्तिकारांबरोबर कलेतिहासाच्या अभ्यासकांसही स्थान मिळाले. विंकेलमानने त्याच नगरात राहून जे काम केले होते, त्यास फ्रेंच अकादमीचे दार उघडण्यास दोनशे वर्षे लागली.