कपाळावर नाव उजळणारी गाडी

अंधारात समोरून येणारी जुनी इंग्लिश गाडी कुठली, हे सांगताना भल्याभल्या शौकिनांची पंचाईत होते. अपवाद वुल्झलीचा. तिच्या रेडिएटरच्या जाळीवर, बरोबर वरच्या बाजूला मधोमध, लंबगोल पांढुरका बिल्ला असतो. गाडीचे दिवे लावले की त्यामागचा इवलासा बल्ब पेटतो आणि अक्षरं उजळतात. १९३३च्या मॉडेलांपासून सुरू झालेली ही तऱ्हा शेवटच्या वुल्झलीपर्यंत टिकली.

हे नाव मुळात मोटारीचं नव्हेच, मेंढ्यांचं. फ्रेडरिक वुल्झली या आयरिश गृहस्थानं ऑस्ट्रेलियात मेंढ्यांची लोकर कातरायचं यंत्र काढलं. त्याच्या कंपनीत हर्बर्ट ऑस्टिन नावाचा इंजिनिअर होता. कारखाना बर्मिंगहॅमला आला, पण लोकरीचा धंदा पडला हंगामी. रिकाम्या महिन्यांत हातांना काम हवं म्हणून ऑस्टिननं १८९५च्या सुमारास मोटारीचे प्रयोग सुरू केले. पुढे १९०५ साली तो बाहेर पडला आणि त्यानं स्वतःच्या नावाची कंपनी थाटली. १९२७मध्ये दिवाळं वाजलेली वुल्झली विकायला निघाली तेव्हा आपलं हे पहिलं घर परत मिळवायला ऑस्टिननं बोली लावली, पण दुसरा मोटार कारखानदार विल्यम मॉरिस यानं ७,३०,००० पौंड मोजून ते पटकावलं. गंमत म्हणजे १९५२मध्ये ऑस्टिन आणि मॉरिस या दोन्ही कंपन्या एक होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झालं, आणि वुल्झली आपसूक ऑस्टिनच्या उंबऱ्याआत आली. ते पाहायला हर्बर्ट ऑस्टिन मात्र हयात नव्हता.

कंपन्या एक झाल्या तरी विक्रेते वेगवेगळेच राहिले. मॉरिसवाल्याच्या दुकानात ऑस्टिन खपणार नव्हती. म्हणून इटलीच्या पिनिन फारिनाकडून एकच सांगाडा आखून घेतला आणि १९५८-५९च्या हिवाळ्यापासून काही महिन्यांत तो पाच नावांनी बाजारात आणला: वुल्झली, ऑस्टिन, एमजी, मॉरिस, रायली. मागचे टोकदार पंख तेच, १४८९ सीसीचं इंजिन तेच. शौकीन मग खाणाखुणांवर जातात. एमजी आणि रायलीला दोन कार्बुरेटर, वुल्झली-रायलीच्या डॅशबोर्डला अक्रोडाचं लाकूड, प्रत्येकीची जाळी निराळी. यावर कुणी ‘एकाच मालाला पाच लेबलं’ म्हणून नाक मुरडतं. टीका रास्त आहे. तरी माझं मत असं, की लाकूड आणि कातडं यांचे जादा पैसे घेणं समजू शकतं, पण त्या बल्बनं कंपनीचा फारसा खर्च न होता गिऱ्हाइकाला जे समाधान मिळायचं, त्याला तोड नाही.

त्या बिल्ल्याचा धाक होता तो वेगळाच. लंडनचे पोलीस कितीतरी वर्षं काळ्या वुल्झली वापरत. त्या काळी गाडी हाकलेले लोक सांगतात, की आरशात तो लंबगोल उजेड दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघायचा. अक्षरं उलटी दिसत, पण वाचायची गरजच कुणाला होती?

आपल्याकडे या घराण्याचा धागा इंजिनातून आला. अॅम्बॅसडर उतरली ती फारिनाआधीच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून, पण पुढे तिच्यात बसलं तेच १४८९ सीसीचं इंजिन. सरकारी गाडीतून मंत्रालयात ये-जा केलेल्या जुन्या अधिकाऱ्यांनी वुल्झलीची घरघर ऐकलेली आहे, फक्त बिल्ला पाहिलेला नाही.

फारिनाच्या त्या गाड्या इतक्या दणकट निघाल्या, की पुढे ब्रिटनमध्ये जुन्या गाड्या एकमेकींवर आदळायच्या शर्यतींत त्यांना भलतीच मागणी आली, आणि त्यात त्यांचा चेंदामेंदा झाला. वुल्झलीचा शेवट तर कागदावरच झाला. मार्च १९७५मध्ये एक नवी पाचरीसारखी गाडी ऑस्टिन, मॉरिस आणि वुल्झली अशा तीन नावांनी आली. सहा-सात महिन्यांत तिन्ही नावं काढून तिला ‘प्रिन्सेस’ म्हणायचं ठरलं, आणि बिल्ल्यातला बल्ब लावायचं कामही कारखान्यात संपलं.