'ढ' म्हणण्यापूर्वी

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलास 'ढ' म्हणून मोकळे होण्याची चाल मराठी मुलखात जुनी आहे. आमची कुटुंबे कोकणातून मुंबईस व मुंबईहून इस्राएलास आली, तेव्हा हा शब्दही सामानाबरोबर आला. ज्या मुलास तो एकदा चिकटला, त्याचा तो सहसा सुटला नाही. या शब्दामागे काय दडले होते, त्याचा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१८९६ साली इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीगत छापली. मुलगा हुशार, गणितात बरा, नजर निर्दोष. तथापि वर्षानुवर्षे शिकवूनही त्यास वाचता येईना. स्वतःचे नावही तो अक्षरांची उलटापालट करून लिही. डॉक्टरांनी हा जन्मजात दोष ठरविला. बुद्धीशी त्याचा संबंध नव्हता. आज यास डिस्लेक्सिया म्हणतात. आकड्यांच्या अशाच अडचणीस डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. जेरुसलेममधील डॉ. रूथ शालेव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांची पाहणी करून १९९६ साली तिचे प्रमाण शेकडा ६.५ सांगितले. मुलगे व मुली त्यात जवळजवळ सारख्याच होत्या.

त्याच वर्षी, म्हणजे पर्सीच्या हकीगतीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. भारतात हे पाऊल प्रथम महाराष्ट्राने उचलले. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांची माफी, दुसऱ्या भाषेपासून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित अशा त्या सवलती होत. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी मुलांची तपासणी होऊन दाखले मिळू लागले. पुढे २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात ही अडचण देशभरासाठी नमूद झाली.

परंतु एक मोठी उणीव राहिली. तपासणीची साधने बहुतेक इंग्रजीतील होती. मराठीत शिकणाऱ्या मुलास इंग्रजी मापाने कसे मोजावे? बाळबोध लिपीच्या अडचणी निराळ्या. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, उच्चारात मागून. 'घ' आणि 'ध' सारखे दिसतात. 'र' तर जोडाक्षरात दर वेळी नवा वेष घेतो. गणितातही तसेच. २५ लिहिताना दोन आधी, म्हणताना 'पंच' आधी. ५९ म्हणजे साठाला एक उणा! २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनाची रीत आणली, तेव्हा केवढा गदारोळ उठला! गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचा उद्देश मात्र लहान मुलांची वाट सोपी करणे हाच होता. हरियाणातील मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली मराठीसह चार भाषांत तपासणीची साधने सिद्ध केली, तेव्हा ती उणीव भरून येऊ लागली.

हे आम्हांस येथे का सांगावेसे वाटते? कारण आमच्या घरांतून दोन-तीन लिप्या नांदतात. देवनागरी व इंग्रजी डावीकडून उजवीकडे, हिब्रू उजवीकडून डावीकडे. त्यातही दालेत व रेश डोळ्यांस फसवितात. लहानपणीच्या पुस्तकांतील स्वरखुणा दोन-चार इयत्तांनंतर गळतात आणि शब्द अंदाजाने ओळखावा लागतो. नव्याने आलेले मूल अडखळले, तर तो दोष मुलाचा की नव्या भाषेचा? प्रा. रूव्हेन फॉयरश्टाइन यांनी १९५० नंतरच्या काळात मोरोक्कोहून आलेल्या मुलांसंबंधी हाच प्रश्न विचारला. मुलास आज काय येते एवढेच पाहू नये. थोडे शिकवावे आणि ते कसे शिकते ते पाहावे, असे त्यांचे सांगणे होते.

आईबापांनी यातून एक खूण ध्यानात ठेवावी. अडचण केवळ नव्या भाषेत असेल आणि सरावाने कमी होत असेल, तर धीर धरावा. घरच्या भाषेतही अक्षरे तशीच निसटत असतील, तर वेळ न दवडता तपासणी करवावी आणि तपासणाऱ्यास घरी कोणती भाषा बोलली जाते तेही सांगावे. तपासणीस नेण्यात कमीपणा नाही. मुलास 'ढ' म्हणून गप्प बसण्यात मात्र त्याचे सारे आयुष्य पणास लागते.