सोमल, सम्मुल-फार आणि रक्ताचा कर्करोग

रक्ताच्या कर्करोगावरचं औषध जाबिर इब्न हय्यानने बाराशे वर्षांपूर्वीच शोधलं होतं, असा एक मजकूर अधूनमधून माझ्या व्हॉट्सॲपवर येतो. मामेबहिणीला हा आजार झाला तेव्हा तो घरात मोठ्याने वाचला गेला. एका नातेवाइकाने तर हकिमाकडून सोमलाचं भस्म आणायची तयारी केली. म्हणून हे लिहितोय.

सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड. युनानीत त्याला सम्मुल-फार म्हणतात, म्हणजे उंदराचं विष. जाबिरच्या नावावरच्या ग्रंथांत आर्सेनिकची चर्चा आहे हे खरं (ते सगळे त्याचेच का, हा वाद वेगळा). पण ल्युकेमिया हा आजार म्हणून ओळखला गेला तोच 1845च्या सुमारास, युरोपात. तिथे डॉक्टर तो आर्सेनिकने दाबूही बघत. गुण यायचा, टिकायचा नाही.

खरी कलाटणी मिळाली चीनमध्ये. 1970च्या दशकात हार्बिनचे डॉक्टर झांग टिंगडाँग आणि त्यांचे सहकारी खेड्यातल्या एका वैदूच्या औषधाची तपासणी करत होते. त्यात आर्सेनिक, पारा आणि भेकाचं विष होतं. त्यांनी एकेक घटक वेगळा करून पाहिला, तेव्हा काम आर्सेनिकच करतं हे कळलं. आणि तेही सगळ्या कर्करोगांवर नाही, तर तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या एकाच प्रकारावर, प्रोमायलोसायटिक ल्युकेमियावर. या प्रकारात रोगी पूर्वी रक्तस्रावाने काही दिवसांतच दगावायचा. पुढे शांघायमध्ये वांग झेन्यी यांनी याच प्रकारावर 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारं ट्रेटिनॉइन वापरलं; 1988 साली त्यांनी 24 रुग्णांचे निष्कर्ष छापले.

असं का होतं, ते नंतर उलगडलं. या आजारात 15 आणि 17 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि एक जोडप्रथिन तयार होतं. त्यामुळे पेशी पोरवयातच अडकते, मोठी होत नाही. ट्रेटिनॉइन त्या प्रथिनाच्या एका टोकाला धरतं, आर्सेनिक दुसऱ्या. प्रथिन मोडतं, पेशी वयात येते. 2013 साली इटली-जर्मनीच्या अभ्यासात या जोडीने नेहमीच्या केमोथेरपीशिवाय दोन वर्षांनी 97 टक्के रुग्ण आजार न उलटता जिवंत होते. त्याआधीच, 2006 साली, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने एकट्या आर्सेनिकवर उपचार केलेल्या 72 रुग्णांचा अहवाल छापला होता. त्यांतल्या 62 जणांचा आजार पूर्ण हटला. महागडे उपचार न परवडणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी ही मोठी गोष्ट.

इतर प्रकारांवर आर्सेनिक असं चालत नाही. तिथे आता मिडोस्टॉरिन, व्हेनेटोक्लॅक्स अशी औषधं आली आहेत. एफएलटी3सारखे जनुकीय बदल तपासून त्यातलं कुठलं द्यायचं ते ठरतं.

मामेबहिणीच्या तपासणीत 15-17चीच अदलाबदल निघाली. भस्म आलंच नाही. तिला रोज मोजून, शिरेतून औषध दिलं जायचं आणि हृदयाचा ईसीजी वारंवार काढला जायचा, कारण हे औषध हृदयाचा ठोका बिघडवू शकतं. मुमानीने बाटलीकडे बोट दाखवून विचारलं, "यात काय आहे रे?" मी म्हणालो, "औषध आहे, मुमानी." सोमल हे नाव तेव्हा तोंडावर आणवलं नाही.