नवख्याचे दळण

अनेक माणसांनी दूर दूर बसून एकाच वेळी एकाच कल्पित जगात वावरावयाचे, अशा संगणकावरील खेळांचा इतिहास आता जवळजवळ अर्ध्या शतकाचा झाला आहे. आपल्या घराघरांतून ह्या खेळांविषयी बोलणे निघते ते बहुधा मुलांच्या डोळ्यांविषयी आणि परीक्षांविषयी. त्या तक्रारींत आज मला शिरावयाचे नाही. ह्या खेळांतील एका प्रथेचा इतिहास तेवढा सांगावयाचा आहे. ती प्रथा पायऱ्यांची होय. खेळात शिरणारा प्रत्येक जण पहिल्या पायरीवर उभा राहतो, लहानसहान कामे करून गुण जमवतो, आणि गुण पुरेसे झाले म्हणजे वरची पायरी चढतो. कामे बहुधा तीच ती असतात: तेच लांडगे मारावयाचे, तीच झाडे तोडावयाची. ह्या खटाटोपाला इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंनी ‘ग्राइंड’ असे नाव दिले आहे. आपण सरळ दळण म्हणू. कारण जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना जे पक्के ठाऊक होते तेच ह्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. पायली दोन पायली कितीही असो, समोर खुंट्याला दुसरा हात असला म्हणजे दळण सरते.

पायऱ्यांची कल्पना मुळात संगणकाची नव्हे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळावयाचा खेळ प्रसिद्ध केला. अनुभवाचे गुण आणि त्यांवर मिळणारी बढती ही त्याची देणगी. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ रचावयास घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल ह्याने तो हाती घेऊन वाढवला. त्यात चित्र एकही नव्हते. सारा कारभार अक्षरांचा. ठरावीक गुण जमले की खेळाडू ‘विझार्ड’ होई आणि इतरांवर नाना प्रकारची सत्ता गाजवू शके. उलट लढाईत मेलेले पात्र कायमचे नाहीसे होई. त्यामुळे जुने अधूनमधून पुन्हा तळाशी येत, आणि तळ कधी ओस पडत नसे. पुढच्या खेळकर्त्यांनी खेळाडूंच्या जिवावर बेतणारी ही कठोरता सोडून दिली, ते स्वाभाविकच होते. परंतु तिच्याबरोबर तळाची वर्दळ टिकवणारे एक साधनही गेले.

आता १९९९ सालाकडे येऊ. त्या वर्षीच्या १६ मार्चला अमेरिकेत ‘एव्हरक्वेस्ट’ हा खेळ सुरू झाला. त्यात पायऱ्या पन्नास, आणि चढण विलक्षण कष्टाची. काही पायऱ्यांना तर हिशेबाच्या रीतीमुळे इतके जास्त गुण लागत की खेळाडूंनी त्यांना नरकाच्या पायऱ्या असेच नाव ठेवले. पात्र मेले की मिळवलेले गुण कमी होत, आणि त्याची वस्त्रे-शस्त्रे प्रेतापाशीच राहत. जिवंत झालेले पात्र कोठेतरी दूर उघडेबोडके उभे राही आणि आपले प्रेत शोधावयास पुन्हा त्याच अरण्यात शिरे. इतके क्लेश माणसे पैसे देऊन का सोसतात, असा प्रश्न कोणासही पडावा. उत्तर खेळाच्या रचनेतच आहे. एकट्याने बहुतेक पात्रांचे काही चालत नसे, म्हणून सहा जणांची टोळी जमवावी लागे. एकाने मार खावयाचा, दुसऱ्याने जखमा बऱ्या करावयाच्या, तिसऱ्याने शत्रूला भूल घालावयाची. मंत्र घालणाऱ्याची शक्ती संपली की ती भरून येईपर्यंत त्याला खाली बसावे लागे, आणि सुरुवातीच्या पायऱ्यांवर तर त्याच्या पडद्यावर मंत्रांची पोथी उघडी राहून पुढचे काही दिसतही नसे. मग करावयाचे काय? गप्पा. ‘क्लेरिक’ नावाचे पुरोहित पात्र मेलेल्यास उठवून त्याचे गेलेले बरेचसे गुण परत देऊ शके. साहजिकच अनोळखी क्लेरिकाची आर्जवे करावी लागत आणि त्यातून ओळख होई. अनेक सर्व्हरांवर एका बोगद्यात खेळाडूंचा बाजार भरे. तेथे पन्नासाव्या पायरीवरचा सरदार आपली जुनी तलवार विकावयास उभा असे आणि दहाव्या पायरीवरचा पोरगा ती हुज्जत घालून विकत घेई. जेथे खेळ त्रासदायक होता नेमकी तेथेच माणसे एकमेकांस भेटत.

परंतु ह्या खेळाची उपजीविका मासिक वर्गणीवर होती, महिना सुमारे दहा डॉलर. ज्या रस्त्याची पट्टी दरमहा वसूल करावयाची तो रस्ता संपून कसा चालेल? एप्रिल २००० मध्ये शिखर साठाव्या पायरीवर नेले. डिसेंबर २००१ मध्ये शिखरावरच्यांना पुन्हा गुण जमवता यावेत म्हणून दुसरीच एक शिडी जोडली. आणि त्याच वेळी असा बाजार बांधून दिला की जेथे धनी उठून गेला तरी पात्र दुकान मांडून बसेल. हुज्जत संपली, बोगदा ओस पडला. पुढे पायऱ्या वाढत वाढत शंभराच्याही पलीकडे गेल्या.

आता ह्यात नवा येणारा मनुष्य डोळ्यांपुढे आणा. पहिल्या वर्षी आलेल्याने विसावी पायरी चढली तेव्हा त्याच्या मागेपुढे शेकडो होते. सात-आठ वर्षांनी आलेल्यास त्याच विसाव्या पायरीवर सहा जण मिळेनात. जुने खेळाडू म्हणत, आम्ही दळले, तुम्हीही दळा. हे वरवर न्यायाचे दिसते. शाळेतही वरच्या वर्गातली मुले हेच म्हणत, आणि पुष्कळ शिक्षकही. परंतु जुन्यांच्या वाट्यास जे आले ते कष्ट अधिक सोबत असे होते. नव्यापुढे ठेवले गेले ते नुसते कष्ट. दोहोंस एकच नाव असल्यामुळे हा फरक जुन्यांच्या ध्यानात येत नसे, आणि त्यांना मी फारसा दोषही देणार नाही. मनुष्यास आपले कष्ट आठवतात. त्या वेळी शेजारी कोण होते हे तो गृहीत धरतो. खेळाच्या धन्यांनी मात्र हे ओळखले. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांनी भाडोत्री शिपाई विकावयास काढले. माणूस मिळत नसेल तर नाणी मोजावी आणि संगणकाने हलवलेला सोबती घ्यावा! हा सोबती लढे बरा, पण बोलत नसे. २०१४ मध्ये तर एकदम पंचाऐंशीव्या पायरीवर जन्मलेले पात्र मिळण्याची सोय झाली.

नवख्यास पळवून लावतात ते कष्टच, असे कोणी म्हणेल, तर त्याने ‘रूनस्केप’ ह्या इंग्लंडातील खेळाचे गणित पाहावे. मी आयुष्यभर मुलांना अंकगणित शिकवले, म्हणून मला ते विशेष रुचले. २००१ च्या जानेवारीत निघालेल्या ह्या खेळात लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक अशी कौशल्ये आहेत, आणि प्रत्येकाच्या नव्व्याण्णवाव्या पायरीस १,३०,३४,४३१ गुण लागतात. दर सात पायऱ्यांनी गरज सुमारे दुप्पट होते. त्यामुळे ब्याण्णवाव्या पायरीवर पोहोचलेला मनुष्य ६५,१७,२५३ गुणांवर, म्हणजे अगदी मध्यावर असतो! साध्या झाडाचा ओंडका पंचवीस गुणांचा. कोणी हट्टाने तेवढेच तोडीत बसला तर त्यास ५,२१,३७८ ओंडके तोडावे लागतील. अर्थात कोणी तसे करत नाही, पुढे मोठ्या गुणांची झाडे मिळतात. पण दळण म्हणजे हेच, आणि ते अफाट आहे. तरीही २०१३ साली कंपनीने खेळाडूंचे मत घेऊन ऑगस्ट २००७ मधील जुनी आवृत्ती पुन्हा सुरू केली तेव्हा ती लोकांनी उचलून धरली. कारण ह्या लाकूडतोड्यास टोळी जमवावी लागत नाही. तो एकटाच तोडतो, पण ते झाड भर रस्त्यात असते, आणि शेजारी नव्व्याण्णवावा नि तिसरा एकाच बुंध्यावर कुऱ्हाड चालवीत असतात.

ह्या साऱ्या इतिहासाचा मोठा खांब म्हणजे २३ नोव्हेंबर २००४ रोजी निघालेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाख झाले होते. त्याचे कर्ते मनुष्यस्वभाव चांगला जाणत. चाचणीच्या काळात त्यांनी असा नियम केला होता की फार वेळ खेळणाऱ्याचे गुण अर्धे व्हावेत. लोक रागावले. तेव्हा त्यांनी हिशेब तोच ठेवून नुसती नावे फिरवली: विश्रांती घेतलेल्यास दुप्पट, न घेतलेल्यास नेहमीचे. लोक संतुष्ट झाले.

पण पायऱ्या तेथेही वाढल्या. साठ, सत्तर, ऐंशी, आणि २०१८ पर्यंत एकशेवीस. खालची चढण सौम्य करण्याचे उपाय २००७ पासूनच सुरू झाले. त्यांतील एक मला मासलेवाईक वाटतो. २००८ च्या अखेरीस अशी वारसा-वस्त्रे निघाली की जी घातली असता गुण अधिक मिळत. ती मिळवावी लागत शिखरावरच्या पात्राने आणि वापरावयाची आपल्याच दुसऱ्या लहान पात्राने. म्हणजे वाट आखूड झाली ती जो एकदा पोहोचलेला होता त्याची. खऱ्या नवख्याच्या अंगावर फाटकेच. डिसेंबर २००९ मध्ये निरनिराळ्या सर्व्हरांवरच्या पाच जणांची टोळी आपोआप जमवणारे यंत्र आले. टोळीची वाट पाहणे बरेच कमी झाले, पण त्या टोळीत जुन्याचे लहान पात्र पुढे धावत सुटे, नवखा मागे राही, आणि काम संपताच पाचही जण नमस्कार-चमत्कार न करता पांगत. त्यांची पुन्हा गाठ पडण्याचा संभव फारच थोडा. २०१४ मध्ये साठ डॉलर देऊन एकदम नव्वदावी पायरी विकत मिळू लागली. शेवटी २०२० मध्ये शिडीच कापली: एकशेवीसची पन्नास केली, आणि खऱ्या नवख्यासाठी एक निराळे बेट बांधून दिले. हा शेवटचा उपाय मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. वर्गात नोव्हेंबरात दाखल झालेल्या मुलास आम्ही जुन्या वह्या उतरवून घ्यावयास देत असू. वेगळा बाक आणि चार दिवस वेगळी शिकवणी दिली तर तो अधिक लवकर रुळे.

आणि ह्याच कंपनीने २७ ऑगस्ट २०१९ रोजी ‘क्लासिक’ ह्या नावाने जुना खेळ, जुन्या साठ पायऱ्या आणि जुने सारे कष्ट पुन्हा उघडले. आत शिरण्यासाठी रांगा लागल्या. आत गेल्यावरही एकेका राक्षसापुढे खेळाडू, कोणी सांगितले नसता, रेशनच्या दुकानापुढे उभे राहावे तसे ओळ लावून उभे राहिले. दळण तेच होते, पण जात्याभोवती माणसे होती. पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. पुढचे लोक साठाव्या पायरीवर पोहोचले, तळ रिकामा झाला, मागून येणारे नाणी देऊन बलाढ्य जादूगारांच्या मागे बसून गुण मिळवू लागले, आणि २०२१ मध्ये कंपनीनेच अठ्ठावन्नावी पायरी विकावयास काढली. मूळ खेळाला जे व्हावयास दहा वर्षे लागली ते येथे दोन वर्षांत झाले.

२१ नोव्हेंबर २०२४ रोजी, खेळाला वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने, तीच जुनी आवृत्ती नव्या कोऱ्या सर्व्हरांवर आणखी एकदा सुरू झाली आणि सर्व मंडळी पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहिली. त्यांतील कित्येकांना त्या अरण्यातली वाट न् वाट पाठ होती. आणि त्यांच्यामध्ये जो कोणी खरोखर पहिल्यानेच आला असेल, त्यास निदान त्या आठवड्यात तरी रस्ता विचारावयास माणूस शोधत हिंडावे लागले नसेल.