महिला आरक्षण (राजकीय)

निवडून येणाऱ्या संस्थांमध्ये काही जागा आणि पदे कायद्याने फक्त स्त्रियांसाठी ठेवण्याची व्यवस्था. भारतात ती सध्या दोन थरांवर विचारात घ्यावी लागते. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत ती १९९३ पासून घटनात्मक हक्क म्हणून लागू आहे. लोकसभा आणि विधानसभांसाठी २०२३ साली घटनादुरुस्ती झाली, पण तिची अंमलबजावणी पुढच्या जनगणनेशी आणि मतदारसंघांच्या फेररचनेशी बांधलेली आहे. गावाच्या पाण्याचा आणि गटारांचा कारभार स्त्रियांकडे आधी आला, कायदे करण्याचा अधिकार तीस वर्षे मागे राहिला. हा क्रम योगायोगाचा म्हणता येत नाही. ज्या थरावर पैसा आणि सत्ता कमी, तिथे विरोधही कमी झाला.

पूर्वपीठिका. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतिक कायदेमंडळांत स्त्रियांना राखीव जागा दिल्या, पण त्या धर्मवार वाटून दिल्या. त्या काळच्या प्रमुख स्त्री-संघटनांना त्या नकोच होत्या. त्यांची मागणी सरसकट प्रौढ मताधिकाराची होती. संविधान सभेतही हंसा मेहता यांनी स्त्रियांनी राखीव जागा कधी मागितल्या नाहीत, त्यांना सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय हवा आहे, अशी भूमिका मांडली. रेणुका रे यांचे मतही आरक्षणाविरुद्धच होते.

ही भूमिका सगळ्या स्त्रियांची असल्याचे पुस्तकांतून सांगितले जाते, ते अर्धसत्य आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचना डोंगरे होत्या. या परिषदेने प्रातिनिधिक संस्थांत दलित स्त्रियांसाठी राखीव जागा मागितल्या. शिकलेल्या, घरात राजकारणाचा वारा असलेल्या स्त्रियांना खुली स्पर्धा परवडण्यासारखी वाटत होती, गिरणीत आणि शेतात राबणाऱ्या स्त्रियांना ती तशी वाटण्याचे कारण नव्हते. ‘आरक्षण हवे की नको’ या प्रश्नाच्या पोटात ‘कोणत्या स्त्रीला’ हा प्रश्न तेव्हापासून आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथाने हा इतिहास मराठीत आणला.

१९७४ साली ‘समानतेकडे’ या अर्थाच्या नावाने आलेल्या केंद्रीय समितीच्या अहवालातही (अध्यक्ष फुलरेणू गुहा) बहुमत कायदेमंडळांतील आरक्षणाच्या विरोधात होते. समितीने गावपातळीवर वैधानिक महिला पंचायती सुचवल्या. वीणा मजुमदार आणि लतिका सरकार यांनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडली. देशभर फिरून जे पाहिले, त्यानंतर आरक्षणाशिवाय स्त्रिया सत्तेपर्यंत पोचतील हा भरवसा त्यांना उरला नव्हता.

महाराष्ट्रातील वाटचाल. पंचायत राज्याच्या सुरुवातीच्या काळात एकदोन स्त्रियांना स्वीकृत सदस्य म्हणून घेण्याची सोय होती. ती बहुधा पुढाऱ्यांच्या नात्यातल्या बायकांच्या वाट्याला येई. या चाकोरीला पहिला मोठा धक्का सरकारने दिला नाही, शेतकरी संघटनेने दिला. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवडला संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन भरले, लाखांच्या घरात बायका जमल्या. पंचायत राज्याच्या निवडणुका स्त्रियांनी स्वतःच्या पॅनेलमधून लढवायच्या, असे तिथून पुढे ठरले. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे संपूर्ण महिलांची ग्रामपंचायत निवडून आली. आणखीही काही गावांत अशी पॅनेले उभी राहिली.

या चळवळीचे वेगळेपण असे, की तिने सत्ता आणि सातबारा एकमेकांपासून तोडले नाहीत. ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत नवऱ्यांनी आपल्या जमिनीतील काही भाग बायकोच्या नावे करून द्यायचा होता, आणि किमान शंभर घरांनी तसे केले की ते गाव लक्ष्मीमुक्त ठरे. सरपंच बाई सभेत बोलते, पण घराच्या उताऱ्यावर तिचे नाव नाही, ही विसंगती या मोहिमेने ओळखली होती. नंतरच्या आरक्षण-चर्चेत हा धागा जवळजवळ हरवला.

राज्य सरकारने १९९० मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या, म्हणजे केंद्राच्या घटनादुरुस्तीच्या आधी. कर्नाटकाने १९८३ च्या कायद्याने २५ टक्के जागा ठेवून हे पाऊल त्याहून अगोदर टाकले होते. जून १९९४ मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केले. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने वाटा देणारी राज्याची कायदादुरुस्तीही त्याच वर्षीची.

७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती. अनुच्छेद २४३घ आणि २४३न अन्वये पंचायती आणि नगरपालिकांतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. अनुसूचित जाती व जमातींच्या राखीव जागांतील एकतृतीयांशही त्या-त्या समूहांतील स्त्रियांना मिळाल्या. ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी आणि ७४वी १ जून १९९३ रोजी लागू झाली. बिहारने २००६ मध्ये हे प्रमाण पंचायतींत ५० टक्के केले. महाराष्ट्रात ते २०११ मध्ये झाले. आज देशभरात पंचायतींत सुमारे १४ लाख निर्वाचित स्त्रिया आहेत. नागालँडमध्ये अनुच्छेद ३७१अ आणि रूढ कायद्याचा आधार घेऊन आदिवासी संघटनांनी नगरपालिकांतील ३३ टक्के आरक्षण वर्षानुवर्षे अडवले. तिथे त्या आरक्षणासह पहिली निवडणूक जून २०२४ मध्ये झाली.

सोडत आणि फिरते आरक्षण. कोणता प्रभाग किंवा कोणत्या गावचे सरपंचपद महिलांसाठी राखीव राहणार, हे चक्रानुक्रमाने आणि सोडतीने ठरते. सभागृहात शाळकरी मुलांच्या हातून चिठ्ठ्या काढल्या जातात आणि पाच वर्षे वॉर्ड बांधत आलेल्या पुरुष कार्यकर्त्याचा चेहरा त्याच क्षणी पडतो. संध्याकाळपर्यंत त्याच्या पत्नीचे किंवा भावजयीचे नाव पुढे आलेले असते. दुसऱ्या बाजूने, राखीव प्रभागात निवडून येऊन कामात रुळलेल्या नगरसेविकेचा प्रभाग पुढच्या खेपेला खुला होतो आणि पक्ष तिथे पुरुषाला उमेदवारी देतो. आरक्षणाचे श्रेय किंवा अपश्रेय म्हणून जे सांगितले जाते, त्यातले पुष्कळसे खरे तर या फिरतेपणाचे आहे.

तरीही या काळाचा ठसा पुसला जात नाही. राजकीय अभ्यासक रिखिल भावनानी यांनी मुंबई महापालिकेच्या निवडणुका तपासल्या. एखादा प्रभाग १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव होता आणि २००२ मध्ये खुला झाला, तर तिथे स्त्री निवडून येण्याची शक्यता १९९७ मध्ये राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट आढळली. एकदा उभी राहिलेली बाई आपली माणसे जोडते, आणि पक्षालाही बाई जिंकू शकते हे दिसते. पाचपट हा आकडा मोठा वाटतो, पण मुळात ती शक्यता फारच थोडी होती, हेही त्यातच आले.

पद मिळाले, कारभार कोणाचा? ‘सरपंचपती’ हा शब्द हिंदी पट्ट्यातून आला आणि महाराष्ट्रात रुळला. मासिक सभेत नवरा खुर्चीवर आणि सरपंच बाई दाराशी, हे दृश्य टिंगलीसाठी फार वापरले गेले. वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागल्यापासून सहीला किंमत आली, आणि सही डिजिटल झाल्यावर तिचे डोंगल कोणाच्या खिशात राहते हा नवा प्रश्न आला. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने २०२३ मध्ये या प्रथेवर समिती नेमली आणि तिने कडक दंडाची शिफारस केली. दंडाने हे थांबेल, असे मानणे भाबडेपणाचे वाटते. नवऱ्याच्या सल्ल्याने चालणारा कारभार आणि आमदाराच्या इशाऱ्यावर चालणारा पुरुष सरपंच यांच्यात फरक आहे तो एवढाच, की दुसऱ्याला आपण राजकारण म्हणतो.

काही अडथळे कायद्यातच आहेत. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेली व्यक्ती पंचायत सदस्य राहू शकत नाही. अपत्ये किती आणि कधी, हा निर्णय ज्या घरात बाईच्या हाती नसतो, तिथे त्याची शिक्षा मात्र तिच्या पदाला होते. याउलट अविश्वास ठरावाबाबत कायद्याने महिला सरपंचाला संरक्षण दिले. महिलांसाठी राखीव पदावरील सरपंचावर अविश्वास मंजूर व्हायला एकूण सदस्यांच्या तीनचतुर्थांश मते लागतात. ही तरतूद करावी लागली, यातूनच बाईला पदावरून खाली खेचण्याची घाई किती असते ते कळते. महिलांची स्वतंत्र ग्रामसभा आधी घेण्याची तरतूदही याच धाटणीची. ती कागदोपत्री सर्वत्र होते, प्रत्यक्षात जिथे बचतगट जागे आहेत तिथे होते. महिला राजसत्ता आंदोलनासारखे गट महाराष्ट्रात निवडून आलेल्या स्त्रियांना एकत्र आणून या तरतुदी त्यांच्या हाती देण्याचे काम करत आले आहेत.

अपात्रतेचा मार्ग अविश्वासापेक्षा सोपा ठरतो. जळगाव जिल्ह्यातीलच विचखेडा गावच्या महिला सरपंचाला सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलेल्या घरात राहत असल्याच्या आरोपावरून पदच्युत केले गेले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. महिला सरपंचाच्या हाताखाली काम करणे गावकऱ्यांना पचनी पडले नाही आणि अधिकाऱ्यांनीही आरोप पारखून न घेता यांत्रिकपणे निर्णय दिला, असा न्यायालयाच्या टीकेचा रोख होता.

परिणाम. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील पंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवले, की स्त्री प्रमुख असलेल्या पंचायती पिण्याच्या पाण्यासारख्या स्त्रियांनी मांडलेल्या गरजांवर अधिक खर्च करतात. राखीव पद चिठ्ठीने वा क्रमाने ठरते, त्यामुळे दोन प्रकारच्या गावांची तुलना निर्दोषपणे करता आली. नंतरच्या संशोधनात, दोन वेळा महिला प्रमुख पाहिलेल्या गावांत किशोरवयीन मुलींसंबंधी आईवडिलांच्या आणि खुद्द मुलींच्या अपेक्षा वाढल्याचे दिसले. मुंबईकरांना पाण्याचे उदाहरण परके नाही. गोरेगावच्या मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या आणि आरक्षण नसताना महापालिका, विधानसभा आणि १९७७ मध्ये लोकसभा अशा चढत गेल्या. त्यांचे नाव आरक्षणाविरुद्धचा पुरावा म्हणून घेतले जाते. पण त्यांच्यामागे समाजवादी चळवळीची शिस्त आणि संघटना होती. अशी पक्षसंस्कृती अपवादात्मक होती, आणि नियम अपवादांवर बेतायचे नसतात.

लोकसभा आणि विधानसभा. एकतृतीयांश जागांचे विधेयक प्रथम सप्टेंबर १९९६ मध्ये देवेगौडा सरकारने मांडले. गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीने त्यात सुधारणा सुचवल्या. १९९८ मध्ये राष्ट्रीय जनता दलाच्या एका खासदाराने सभागृहात विधेयकाच्या प्रती हिसकावून फाडल्या. विरोध करणाऱ्या मंडल-पक्षांचा मुद्दा इतर मागासवर्गीय स्त्रियांसाठी आतला वाटा हा होता. त्यात पुरुषी सोय होती हे खरे, पण मुद्दा निराधार नव्हता.

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर केले. ते एक मत शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांचे होते. चांदवडचे अधिवेशन घडवणाऱ्या आणि महिला पॅनेले उभी करणाऱ्या नेत्याने महिला आरक्षणाविरुद्ध मत द्यावे, हे अनेकांना कोडे वाटले. त्यांचा आक्षेप स्त्रियांच्या वाट्याला नव्हता, सोडतीने ठरणाऱ्या फिरत्या मतदारसंघांना होता. पुन्हा उभे राहण्याची खात्री नसलेला प्रतिनिधी मतदारसंघाला बांधील राहत नाही, हे त्यांचे म्हणणे प्रभागांच्या अनुभवाशी जुळते. लोकसभेत ते विधेयक आलेच नाही.

१०६वी घटनादुरुस्ती, म्हणजे ‘नारी शक्ती वंदन अधिनियम’, लोकसभेने २० सप्टेंबर २०२३ रोजी ४५४ विरुद्ध २ मतांनी आणि राज्यसभेने दुसऱ्या दिवशी २१४ विरुद्ध ० मतांनी संमत केली. विरोधातली दोन मते एमआयएमची होती. त्यांतले एक तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचे. मुस्लिम आणि मागासवर्गीय स्त्रियांना वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप. आरक्षणाची मुदत १५ वर्षे ठेवली आहे. राज्यसभा आणि विधान परिषदा या कक्षेबाहेर आहेत. ज्या सभागृहांत पक्ष स्वतःच्या मर्जीने माणसे पाठवतो, जिथे मतदारसंघ फिरवण्याची अडचणही नाही, तिथे बंधन घालणे सर्वांत सोपे होते.

सध्याच्या संख्येत हिशेब केला तर लोकसभेच्या ५४३ पैकी १८१ आणि महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ पैकी ९६ जागा स्त्रियांच्या होतात. २०२४ मध्ये लोकसभेत ७४ आणि महाराष्ट्र विधानसभेत २१ स्त्रिया निवडून आल्या. दोन्ही ठिकाणी संख्या आधीच्या निवडणुकीपेक्षा घटली. कायदा जवळजवळ एकमुखाने संमत करणाऱ्या पक्षांनी लगेचच्या निवडणुकीत उमेदवारी देताना तो मनावर घेतला नाही. गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ मध्येच मुख्यमंत्री झाल्या. महाराष्ट्राला अजून महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही.

आतला वाटा आणि अडलेल्या निवडणुका. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा होत्या आणि त्यांत निम्म्या स्त्रियांच्या. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जागांसाठी समर्पित आयोग, आकडेवारी आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा ही तिहेरी अट लावली. त्यामुळे माळी, कुणबी, तेली, वंजारी अशा समाजांतील ज्या स्त्रिया नव्वदच्या दशकात पहिल्यांदा जिल्हा परिषदेच्या पायऱ्या चढल्या, त्यांचे दार काही काळ बंद झाले. पुढे ही अट पाळण्यासाठी नेमलेला बांठिया आयोग, प्रभागरचनेचे वाद आणि न्यायालयीन तारखा यांत निवडणुकाच लांबल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांचे तेच झाले. निम्म्या जागांचे आरक्षण कायद्यात शाबूत होते, पण बसायला सभागृहच नव्हते. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांठिया अहवालापूर्वीच्या ओबीसी आरक्षणानुसार चार महिन्यांत या निवडणुका घेण्याचा आदेश दिला, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पुन्हा सोडतीच्या चिठ्ठ्यांची तयारी सुरू झाली.