सनमायकात मायका नाही!

गेल्या आठवड्यात आमचं जुनं टेबल रंगवलं. १९८१ साली घेतलेलं, वर सागवानी रेषांचा सनमायका. सून म्हणाली, "बाबा, टाकून द्या आता." म्हटलं, आधी रंगवून तर बघू. पहिला हात दिला आणि दुसऱ्या दिवशी तो नखानं सालीसारखा निघाला! मास्तरकीची सवय, कारण कळेपर्यंत चैन पडेना.

कारण इतिहासात सापडलं. १९१२ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस कंपनीत ओ'कॉनर आणि फेबर या दोघांनी कृत्रिम राळेचे थर दाबून एक पत्रा बनवला. विजेच्या यंत्रांत अभ्रक, म्हणजे मायका वापरत, त्याला हा पर्याय. मायकासाठी, म्हणून 'फॉर मायका', त्याचंच झालं फॉर्मायका! १९१३ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. लाकडाच्या रेषा छापलेला कागद वर चिकटवण्याची युक्ती १९२७ सालची. १९३८ पासून वरच्या थराला मेलामाइन आलं. आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो ते हेच. त्यात अभ्रकही नाही आणि सागही नाही.

मेलामाइन कडक आणि गुळगुळीत. चहा मुरत नाही, तसा रंगही मुरत नाही. म्हणून आधी साबणानं तेलकटपणा काढायचा, पॉलिश पेपरनं चकाकी जाईपर्यंतच हलकं घासायचं, प्रायमर लावायचा, तो नीट वाळला की मग ऑइल पेंटचे दोन पातळ हात.

घासताना मात्र हात अडला. त्या वेळी माझ्या पगारात साग बसत नव्हता. पाहुणे विचारत, "सागवानी का हो?" सौ. हसून "हो" म्हणायची. एकदा मी चारचौघांत सांगून टाकलं, "छे हो, छापील कागद आहे तो!" खरं बोलण्याचा मोठा अभिमान होता मला. ती काही बोलली नाही. पुढे कुणी विचारलं की माझ्याकडे बघून गप्प बसायची. आज ती नाही.

टेबल आता फिकट निळं झालंय, छान दिसतंय. फक्त खणाची दर्शनी फळी तशीच सागवानी ठेवली आहे. सुनेनं विचारलं, "ही का राहिली?"

म्हटलं, "रंग संपला."

असो.